महिन्याचं काय ते सांगा

सांगलीत हळदीचा भाव क्विंटलला निघतो, बेदाण्याचा किलोला आणि उसाचा टनाला. उसाचा निघाला की पाठोपाठ मोर्चाही निघतो. भाव काढण्यात आमचं गाव मागे आहे, असं कुणी म्हणू नये. पण तासावर भाव असलेली गोष्ट शोधायला गेलात तर पटकन एकच आठवते, ती म्हणजे जेसीबी. जेसीबीवाल्याला फोन केला की तो पहिल्या वाक्यात तासाचं सांगतो, समोरचा ‘बरं’ म्हणतो, विषय मिटतो. त्याला कुणी ‘महिन्याचं काय ते सांगा’ म्हणत नाही. ‘आपलं घरचंच काम आहे’ म्हणत नाही. आणि निम्मा खड्डा झाल्यावर थांबवून ‘जाता जाता आमच्या पिंट्याचा बायोडाटा टाईप करून द्या’ असं तर अजिबात म्हणत नाही.

मी हिशेब लिहिते. अर्धवेळ. शिवाय पत्रं, ठराव, नोटिसा, स्मरणपत्रं आणि दुसरं स्मरणपत्र. नोकरी सोडून घरी बसले तेव्हा ‘घरी बसले’ या शब्दांवर लोकांनी इतका विश्वास ठेवला की आठवडाभरात तीन कामं चालत आली: गणपती पेठेतलं एक हार्डवेअरचं दुकान, विश्रामबागेतली एक हाउसिंग सोसायटी आणि एक दातांचे डॉक्टर. तिघांनीही एकच प्रश्न विचारला, ‘तुमचं काय ते सांगा.’ मग मला माझं काय ते ठरवावं लागलं.

मी हिशेबातली बाई असल्यामुळे सुरुवात भागाकाराने केली. शेवटचा पगार 25,000. महिन्याचे कामाचे दिवस 26, दिवसाचे तास 8, म्हणजे 208 तास. तासाला 120 रुपये 19 पैसे. महिन्याच्या एक तारखेला पंचवीस हजार बरे दिसायचे हो. तासावर फोडले तर एक मसाला डोसा आणि एक कॉफी, तीही गाडीवरची. इतकी वर्षं मी तासाला एक डोसा या दराने राबत होते आणि वर साहेबांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होते.

पण मायबाप सरकार मदतीला आलं. महाराष्ट्रात दुकानं आणि व्यापारी आस्थापनांच्या किमान वेतनाची जी अधिसूचना निघाली, तिच्या तळाशी एक फार गोड कलम आहे. अर्धवेळ माणसाला तासाचा पगार द्यायचा तर रोजाला आठाने भागायचं आणि येणाऱ्या रकमेवर 15 टक्के जास्त द्यायचे. तुकड्यातलं काम महागच पडलं पाहिजे, हे मंत्रालयातल्या कुणाला तरी कळलं होतं. हे कलम लिहिणाऱ्याची बायको नक्की अर्धवेळ नोकरी करत असणार. आता ते कलम नोकराला लागू, माझ्यासारख्या सुट्या बाईला नाही; पण तत्त्व उचलायला काय हरकत आहे? झाले 138 रुपये 22 पैसे. त्यात स्कूटरचं पेट्रोल, कागद, शाई, टॅलीचं लायसन्स, न मिळणारा बोनस, न मिळणारी रजा आणि लाईट गेल्यावर नुसतं बसून राहण्याचा वेळ घातला, आणि 200 वर गाडी थांबवली.

घरी जाहीर केलं. आमचे हे बँकेतून निवृत्त. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, “दिवसाला का?”

“तासाला.”

“कोण देणार?”

सासूबाईंची शंका जास्त मूलभूत होती. “पण तुला बसूनच करायचंय ना सगळं?” त्यांच्या मते पैसे उभं राहून मिळतात. बसून मिळालेल्या पैशाला त्या व्याज म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दोनशे ऐकून शेठजी संतापतील, निदान ‘ओ मॅडम’ तरी म्हणतील, अशी तयारी ठेवली होती. तसलं काही झालं नाही. त्यांनी मान डोलावली आणि चहा सांगितला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. सोसायटीच्या चेअरमननी तर ‘योग्यच आहे’ असं म्हणून पुढे ‘आजकाल’ हा शब्दही जोडला. मी तरंगतच घरी आले. महिनाअखेरीला बिलं दिली तेव्हा खाली आले. दरावर कुणीच घासाघीस करत नाही हो. करतात ती तासावर. दोनशे सगळ्यांना मान्य असतात; तो तास होता, हे कुणालाच मान्य नसतं.

शेठजींचंच बघा. जीएसटीचं आर-वन रिटर्न दर महिन्याच्या 11 तारखेला जायला लागतं, आणि शेठजींची पिशवी माझ्याकडे 10 तारखेला संध्याकाळी येते. साड्यांच्या दुकानाची, बंदांची, चांगली दणकट पिशवी. तिच्यात महिन्याचा व्यवहार असतो. खरेदीची बिलं असतात, ट्रान्सपोर्टच्या पावत्या असतात, देवस्थानाच्या देणगीची पावती असते, दोन लग्नपत्रिका असतात आणि त्यांच्या पाठीवर उधारी लिहिलेली असते. ‘पाटील, 4 पाइप’. कोणते पाटील? सांगली जिल्ह्यात हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. थर्मल कागदावरची पेट्रोलची बिलं उडून कोरी झालेली असतात, तीही शेठजी जपून ठेवतात आणि मला म्हणतात, “अंदाजाने टाका.”

एकदा रंगाच्या डब्यांचं 40,000 चं बिल सापडेना. पोर्टलवर दिसत होतं, पण बिल हातात असल्याशिवाय त्यावरच्या कराची वजावट घेता येत नाही, आणि 18 टक्क्यांनी ती 7,200 रुपये होत होती. ते बिल अखेर एका मुंजीच्या पत्रिकेच्या पोटात निघालं. तास गेला. मी बिलात लिहिलं: कागद शोधणे, 1 तास, 200 रुपये. शेठजींनी ते दोनदा वाचलं.

“मॅडम, शोधायचे पण पैसे?”

“तास गेला ना, शेठजी.”

“पण बिल तर आमचंच होतं!”

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. मात्र याच शेठजींना जीएसटीचं दुसरं रिटर्न, 3-बी, भरायला 20 तारखेनंतर उशीर झाला की सरकार दिवसाला 50 रुपये विलंबशुल्क लावतं, ते ते निमूटपणे भरतात. काहीच उलाढाल नसलेल्याकडूनसुद्धा सरकार दिवसाला 20 रुपये घेतं, म्हणजे काही न केल्याचे आणि तेही उशिरा न केल्याचे. तिथे कुणी ‘महिन्याचं काय ते सांगा’ म्हणत नाही, कारण पोर्टल चहा पीत नाही.

चहाचा मुद्दा गंभीर आहे. दुकानात गेलं की चहा येतो. नको म्हणणं आपल्याकडे बसत नाही. चहा यायला दहा मिनिटं, निवायला पाच, आणि त्या पंधरा मिनिटांत शेठजींच्या धाकट्या भावाने वाटणीत काय केलं ते ऐकायचं. हा वेळ कोणाच्या खात्यावर टाकायचा? त्यांच्या बिलात लावला तर ते म्हणणार, चहा आम्ही पाजला. न लावला तर माझी पाव तासाची खोट. बरेच दिवस मी तो सस्पेन्स अकाउंटला ठेवला होता.

सोसायटीची तऱ्हा निराळी. सोसायटीत पैसा सगळ्यांचा असल्यामुळे तो वाचवण्याचा उत्साहही सगळ्यांना असतो. एकदा बँकेच्या उताऱ्यात आणि आमच्या वहीत 2,700 चा फरक येत होता. आधीच्या खजिनदारांनी त्यापायी अख्खा मार्गशीर्ष घालवला होता. मी फरकाला नवाने भागून पाहिलं. फरकाला नवाने भाग गेला की बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हा आमच्या धंद्यातला जुना टोटका. एका सभासदाचा 9,630 चा चेक वहीत 6,930 पडला होता. पाच मिनिटांत निकाल. मी विजयी मुद्रेने चेअरमनकडे पाहिलं. ते घड्याळाकडे पाहत होते.

“पाच मिनिटं झाली नाही का? म्हणजे सोळा रुपये सदुसष्ट पैसे.”

तासाच्या दरातली ग्यानबाची मेख ही. काम येत नसेल त्याने दोन दिवस घ्यावेत आणि दोन दिवसांचे पैसे न्यावेत; ज्याला येतं त्याने सोळा रुपये सदुसष्ट पैसे घेऊन घरी जावं. वीस वर्षं घासून जो हात तयार झाला, त्याने वर्षागणिक माझी कमाई उतरवत आणली आहे. माझ्याहून बऱ्या चाललेल्या एका मैत्रिणीने गुपित सांगितलं: ती उत्तर सापडल्यावर अर्धा तास स्क्रीनकडे कपाळाला आठ्या घालून बघत बसते. मीही करून पाहिलं. चेअरमननी चहा मागवला.

मग वार्षिक सभा. ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमच्याकडे ती गणपती झाले की होते. इतिवृत्त लिहायला मी. सभा साडेतीन तास चालली. त्यातले हिशेबपत्रकं मंजूर करायला चार मिनिटं, बाकी सगळा वेळ तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला. कुत्रा लिफ्टने जाऊ शकतो का, गेला तर मेंटेनन्स भरणार का, आणि त्याच्या मालकांनी 2011 मध्ये पार्किंगबद्दल काय उद्गार काढले होते. मी सगळं टिपून घेतलं. कागदावर उतरलं ते एवढंच: ‘लिफ्टच्या वापराबाबत सभासदांनी विविध सूचना मांडल्या. साधकबाधक चर्चेअंती विषय कार्यकारिणीकडे सोपवण्याचे सर्वानुमते ठरले.’ साडेतीन तासांतून ही दोन वाक्यं काढणं, आणि दोन्ही वाक्यांत एकही अपशब्द येऊ न देणं, याला किती लावायचे? चेअरमनचं म्हणणं, “लिहिण्याचा तास धरा. सभेत तुम्ही नुसत्या बसला होता.” सासूबाई सोसायटीच्या सभासद नाहीत, पण विचार पोहोचलेला दिसला.

हेच चेअरमन थकबाकीदाराला नोटीस काढायची तर मसुदा चार वेळा बदलतात. सरकारी नोकरीत गेलेलं आयुष्य. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ शिवाय पत्र सुरू झालं तर त्यांना ते उघड्या अंगाने बाहेर पडल्यासारखं वाटतं. पहिल्या मसुद्यात ‘भरावी’ होतं, ते ‘भरण्याची कृपा करावी’ झालं, मग ‘भरणेत यावी’, आणि शेवटी पुन्हा ‘भरावी’. चार मसुदे, दोन तास. चेअरमन म्हणाले, “पण पत्र एकच गेलं ना?”

अशा वेळी मला महाराजांचा कारभार आठवतो. राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधान ठरले तेव्हा जमाखर्चाला अमात्य वेगळे होते, कागदपत्रं तपासून शुद्ध करायला सचिव वेगळे, आणि पत्रं लिहायला चिटणीस आणखी निराळे. तिघांची कामं मी एकटी करते. आणि प्रधानांना वेतन होतं वर्षाचं, होनांत. तासाचा होन कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही. शहाणी माणसं.

नातेवाइकांवर लिहिण्यासारखं फार नाही. त्यांचं काम नेहमी पाच मिनिटांचं असतं आणि ते जेवणाच्या वेळी येतं.

आमचे हे मधूनच मला घाबरवायचे, “कमाई वाढली तर जीएसटी नंबर घ्यावा लागेल हं!” सेवेचा धंदा असला तर वर्षाला 20 लाखांच्या वर गेल्यावर तो लागतो. मी पुन्हा भागाकार केला. दोनशेने 20 लाख मिळवायला 10,000 तास लागतात, आणि वर्षात तास असतात 8,760. म्हणजे न झोपता, न जेवता, दिवाळीलाही पिशवीत हात घालून बसले तरी सरकारला माझी भीती नाही.

अखेर मी दर बदलला. एकाचे दोन केले. बिलं तारखेप्रमाणे लावून दिली तर तासाला 200. पिशवीत कोंबून दिली तर 300. शेठजींना हे पटकन कळलं, कारण सुटा माल आणि पॅकिंगचा माल यांत फरक असतोच. त्यांनी बी.कॉम. झालेल्या सुनेला दुपारी दुकानात बसवलं. पोरगी हुशार. पहिल्याच महिन्यात 10 तारखेऐवजी 5 तारखेला फाईल आली. खरेदी वेगळी, विक्री वेगळी, पत्रिका घरी. पाटलांपुढे गावाचं नाव. माझे तास निम्म्यावर आले आणि बिल निम्म्याच्याही खाली. शेठजींनी पेढे दिले.

फाईल द्यायला सून स्वतः आली होती. जाताना दारात थांबली.

“काकू, एक विचारू? तुम्ही पिशवीचे तीनशे घेता आणि फाईलचे दोनशे, हो ना?”

“हो गं.”

“म्हणजे लावून द्यायचे तासाला शंभर झाले.” ती जरा थांबली. “आणि अर्धवेळाला ते पंधरा टक्के वरचे असतात म्हणे, ते वेगळे.”

पुढच्या महिन्यात 5 तारखेला फाईल आली नाही. 6, 7 लाही नाही. 10 ला संध्याकाळी बेल वाजली. शेठजी स्वतः आले होते, हातात बंदांची पिशवी.

“घरात तास चालू झाले, मॅडम,” ते म्हणाले. “तुम्हीच घ्या तीनशे.”