दाटून आली की सांगा

मे महिन्यात परभणीत माणसाच्या अंगातलं पाणी घामाच्या वाटेनं निघून जातं, त्यामुळे दुसऱ्या वाटेकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. माझंही नव्हतं. एका सकाळी त्या वाटेनं गुलाबी रंग आला. दुखलं नाही, जळजळ नाही. जळजळ झाली असती तर बरं झालं असतं. तिच्यावर आमच्याकडे निदान आणि औषध दोन्ही तयार असतं. ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं आणि धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं. बिनदुखत्या गुलाबी रंगाची सोय आजीच्या बटव्यात नाही.

“रात्री बीट खाल्लं होतं का?” बायकोनं विचारलं, तेही इतक्या आशेनं की बीट न खाल्ल्याचं मला वाईट वाटलं. बिटानं काही जणांची लघवी खरंच लाल होते. पण आदल्या रात्री घरात दोडकं होतं, आणि दोडक्यानं आजवर कुणाचं काही रंगलेलं नाही.

दुपारपर्यंत रंग गेला. माझ्या लेखी प्रकरण मिटलं होतं. डॉक्टरांच्या लेखी ते तेव्हा सुरू झालं. “साठीचं वय, दुखणं नाही आणि डोळ्यांना रक्त दिसलं. एकदाच दिसलं न् थांबलं, तरी तपासायचं म्हणजे तपासायचं.” मग त्यांनी बोटांवर कारणं मोजली. मुतखडा, जंतुसंसर्ग, प्रोस्टेट. चौथ्या बोटापाशी ते क्षणभर थांबले. “आणि आत काही गाठबीठ नाही ना, तेवढं बघून घेऊ.” पहिली तीन बोटं मी त्याच क्षणी विसरलो.

“सिगारेट?” त्यांनी मला विचारलं. उत्तर बायकोनं दिलं, सालवार. डॉक्टर म्हणाले, मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तेच. धुरातली रसायनं रक्तात जातात, मूत्रपिंडं ती इमानेइतबारे गाळतात आणि मूत्राशय ती तासन्‌तास सांभाळत बसतं. मजा वरच्या मजल्यानं केली, जप्ती तळमजल्यावर आली.

ठरलं ते असं. लघवीचा नमुना पेशींच्या तपासणीला जाणार, सोनोग्राफी इथंच होणार, आणि दुर्बिणीची तपासणी संभाजीनगरहून रविवारी येणारे युरोलॉजिस्ट करणार. येत्या रविवारी त्यांची कॉन्फरन्स होती. म्हणजे थांबा.

आजाराला उपचार असतो, थांबण्याला काय असतो? दिवसा बरं चाललं होतं. पहाटे तीनला मात्र कूलरच्या घरघरीत डोळे उघडायचे आणि मी नोव्हेंबरचा विचार करायचो. नोव्हेंबरात पेन्शनवाल्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो. एरवी बँकेतल्या त्या रांगेचा मला वैताग. आता ती रांग फार हवीहवीशी वाटू लागली. दिवस उजाडला की मी आवराआवर काढायचो. एफडीच्या पावत्या लावल्या, किराणावाल्याची उधारी न मागता दिली (तोच घाबरला), आणि बायकोला इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कुठं घालायचं ते दाखवायला नेलं. “अहो, इतकी वर्षं ते मीच घालतेय,” ती म्हणाली. आपल्यामागे घराचं कसं होणार या काळजीतून माणसाला मोकळं करायची ही पद्धत जरा कडक आहे, पण लागू पडते.

गोष्ट गुप्त ठेवायची असं आमचं ठरलं होतं. पण लॅबमधला पोरगा माझ्या मित्राचा पुतण्या. संध्याकाळपर्यंत कृषी विद्यापीठातले माझे सगळे जुने सहकारी दारात हजर. ‘परभणी क्रांती’ ही रोगाला दाद न देणारी भेंडी याच विद्यापीठानं देशाला दिली, त्यामुळे कुठल्याही रोगावर बोलायचा आपल्याला अधिकार आहे असं इथल्या शिपायालाही वाटतं. एकानं हुलग्याचं माडगं सांगितलं, दुसऱ्यानं पानफुटीची पानं कुंडीसकट आणली. शेजारच्या काकांनी होमिओपॅथीच्या बाटलीत जपलेला स्वतःचा मुतखडा दाखवायला आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “कामून घाबरायलाव? असाच निघंल बघा.” दुसऱ्याच्या मुतखड्याकडे इतक्या असूयेनं पाहणारा परभणीतला मी पहिलाच असेन.

कुणी म्हणालं, महेश मांजरेकरांना हाच कॅन्सर होता की. 2021 साली ऑपरेशन झालं, माणूस परत कामाला लागला. कुणी तुराबुल हक दर्ग्याला चादर बोलून आलं. मुंबईच्या मेहुण्यानं तर ‘टाटा’लाच दाखवायचं म्हणून देवगिरीचं तिकीट काढलं. ते वेटिंगवर होतं. रिपोर्टही वेटिंगवर, तिकीटही वेटिंगवर. त्यातलं तिकीट आधी कन्फर्म झालं तर बरं, एवढीच माझी प्रार्थना.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “बाबा, नेटवर काही वाचू नका.” मी लगेच वाचायला बसलो. आणि तिथं मला अवचित गाववाले भेटले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. का म्हणतो ते विचारायची पद्धत नाही. तर या माझ्या दुखण्याचा निम्माअधिक इतिहास जर्मनच निघाला. फ्रँकफुर्टच्या बोझिनी नावाच्या डॉक्टरनं 1806 साली मेणबत्तीच्या उजेडात माणसाच्या आत डोकवायचं यंत्र केलं. 1877 मध्ये माक्स निट्झेनं ड्रेस्डेनला मूत्राशयात बघायची दुर्बीण दाखवली. तिच्या टोकाला दिव्याऐवजी लालभडक तापलेली प्लॅटिनमची तार होती, आणि तिनं आतलं काही भाजू नये म्हणून दुर्बिणीतून सतत पाणी खेळवावं लागे. हे वाचल्यावर मी बराच वेळ मांडी घट्ट घालून बसलो. एडिसनचा दिवा आल्यावर त्या दुर्बिणीला इवलासा बल्ब बसला. विजेच्या त्या दिव्यानं जगात कुठं काय उजळलं असेल ते असो, पेशंटांनी त्याचे जे आभार मानले असतील त्याला तोड नसेल.

पुढं 1895 मध्ये फ्रँकफुर्टच्याच लुडविग रेन या सर्जननं ओळखलं की रंगाच्या कारखान्यात फुक्सिन नावाचा लालजांभळा रंग करणाऱ्या कामगारांना मूत्राशयात गाठी होतायत. रंग करणाऱ्यांना त्या रंगाच्या धंद्यानंच लाल लघवी दाखवली.

कॅनडातल्या मोरालेस या डॉक्टरांचं वाचून मात्र मी शर्टाची बाही वर केली. गाठ भिंतीत खोल गेली नसेल तर ती दुर्बिणीतूनच खरवडून काढतात आणि पुष्कळदा मूत्राशयात बीसीजी सोडतात. क्षयाची, दंडावर टोचतात तीच लस. मोरालेस यांनी 1976 साली हे मांडलं, आणि अजून ते चालू आहे. निदान होतं तेव्हा चारातल्या साधारण तीन गाठी वरवरच्याच असतात, असंही होतं. दंडावरचा वण जागेवर होता. इतकी वर्षं त्याला मी नुसता वण समजत होतो.

सोनोग्राफीच्या दिवशी रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “काका, लिटरभर पाणी प्या आणि दाटून आली की सांगा.” मूत्राशय भरलेलं असलं की त्याची भिंत नीट दिसते. मी ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली बसलो. भोवती सगळ्या पोटुशा बायका आणि त्यांच्या सासवा. पुरुष मी एकटाच, आणि पाटी वाचून माझ्याकडे पाहणाऱ्या एका सासूच्या नजरेत कुतूहल होतं.

पहिल्या अर्ध्या तासात मी कॅन्सरला भ्यालो. दुसऱ्या अर्ध्या तासात दाटून आली. मी सांगितलं. “आत इमर्जन्सी आहे, पाच मिनिटं,” मुलगी म्हणाली. मग माझ्या आत इमर्जन्सी सुरू झाली. पंख्याची पाती मोजली, फरश्या मोजल्या. कुणीतरी माठातून पाणी घेतलं, त्या आवाजानं डोळ्यांत पाणी आलं. गाठ, हयातीचा दाखला, एफडी, मुलाचं लग्न, सगळं डोक्यातून पार धुऊन गेलं. मला जगायचं नव्हतं, मरायचं नव्हतं. मला फक्त जायचं होतं. ज्याला तातडीनं जायचंय त्याला मरणाची भीती वाटत नाही, हे इतक्या ऋषिमुनींपैकी कुणी कसं सांगितलं नाही? कदाचित वनात राहत असल्यामुळे त्यांना कधी थांबावं लागलं नसेल.

शेवटी एका पोटुशा मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही बहुधा तेवढंच पाणी पाजलं होतं, तिलाही घाम फुटला होता. “काका, तुम्ही जावा आधी,” ती म्हणाली. तिच्या लेकराला शंभर वर्षं आयुष्य मिळो.

खडा दिसला नाही. भिंतीवर एके ठिकाणी जरा जाडसर वाटतंय, ते दुर्बिणीनंच कळेल, असं रिपोर्टात आलं. भीती पहाटे तीनची वेळ चुकवत नव्हतीच, पण आता माझ्याकडे इलाज होता. ती आली की उठायचं, माठातलं दोन तांबे पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. थोड्या वेळानं तिच्याहून निकडीचं काम उभं राहतं. ते उरकून आलं की अंग इतकं हलकं होतं की झोपच लागते. “अहो, साखर तपासून घ्या एकदा,” बायको कुशीवर वळत म्हणायची.

काल दवाखान्यातून फोन आला. रविवारी सर येतायत, सकाळी नऊला. आधी जेली घालून बधिर करतात, पाच-सात मिनिटांचं काम. “आणि काका, पाणीबिणी भरून यायचं नाही. आत जायच्या आधी मोकळं होऊन यायचं.”

मी फोन ठेवून तसाच बसलो. एवढं एकच हत्यार होतं, तेही दारातच काढून ठेवायला सांगितलं.

“मग आता भीती वाटली तर काय करणार?” बायकोनं विचारलं. मला उत्तर सुचेना.

“सरांना जर्मनीचं ऐकवा,” ती म्हणाली. “पाच मिनिटांचं काम ते दोनच मिनिटांत उरकतील.”