अण्णांचं तेलपाणी

असे एक अण्णा तुमच्याही गल्लीत असणारच. निवृत्त झाल्या झाल्या ‘आता अमेरिका पालथी घालायची’ म्हणून फोर्डच्या व्ही-टेन इंजिनाचं ते अगडबंब मोटरहोम घेतलं, आणि तेव्हापासून ते एडिसनमध्ये माझ्या स्वयंपाकघराचा उजेड अडवण्याचं काम इमानेइतबारे करतंय.

कुठे कुठे जाऊन आलात, हे अण्णांना विचारायचं नसतं. तेल कसं आहे, हे विचारायचं. तुम्ही नाही विचारलंत तरी ते सांगतातच. त्यांच्याकडे सत्यनारायणाला गेलो, तर प्रसादाचा द्रोण हातात असतानाच मला बाहेर नेलं. बॉनेट उघडलं, डिपस्टिक उपसली, जुन्या गंजीफ्रॉकने पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा उपसली आणि माझ्या नाकासमोर धरली. “बघ, कसं मधासारखं आहे!” पाठोपाठ गुरुजींनाही दाखवली. गुरुजींनी सवयीने हात जोडले.

गाडी वर्षाकाठी जेमतेम दीडशे मैल चालते. पाच हजार मैलांचा हिशेब धरला, तर तेल बदलायची वेळ तेहतीस वर्षांनी यायची. पण मॅन्युअलमध्ये मैल आणि महिने दोन्ही दिलेले असतात, ‘यांतलं जे आधी होईल ते’ या अटीवर. अण्णांचं सगळं अध्यात्म त्या ओळीत आहे. गाडी उभी असली तरी वर्षातून एकदा तेल बदलायचंच, आणि तेही थंडीच्या आधी; नाहीतर वापरलेल्या तेलातली आम्लं हिवाळाभर बेअरिंगला चिकटून बसतात. इथवर अण्णांचं शंभर टक्के बरोबर आहे.

घोटाळा पुढे आहे. ‘गाडी जिवंत राहावी’ म्हणून दर रविवारी ते इंजिन दहा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवतात. एवढ्याने तेल धड तापत नाही. आत धरलेलं पाणी उडून जात नाही, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं ते वेगळंच. मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं, “हायवेवर अर्धा-पाऊण तास नीट पळवा, नाहीतर चावीला हात लावू नका.” अण्णांनी तिसराच मार्ग काढला: रविवार चालू ठेवला आणि तेल दर तीन महिन्यांनी बदलायला घेतलं. शनिवारी सकाळी गाडीखाली पसरट भांडं सरकतं आणि काकू शेजारणीला सांगतात, “लोक मारुतीला तेल वाहतात, हे फोर्डला वाहतात.”

एकदा मी म्हटलं, “शेनँडोआला तरी जाऊन या.” अण्णांनी तत्काळ सांगितलं, की स्कायलाइन ड्राइव्हवरच्या मेरीज रॉक बोगद्याची उंची बारा फूट आठ इंच आहे. आपली गाडी बसते, पण तेल जुनं झालंय. तेल बदलल्यावर पुन्हा विचारलं. “नवंकोरं तेल आहे रे, लगेच कशाला काळं करायचं?” मग विकून टाका, असं मुलगा म्हणाला. “आत्ताच तर तेल बदललंय!”

मग 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळ आलं. गल्ली दिवसच्या दिवस अंधारात. पेट्रोलला मैलभर रांगा. पुढे तर नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यांवर रेशनिंग लागलं. अण्णांची पंचावन्न गॅलनची टाकी मात्र काठोकाठ भरलेली, कारण अर्धवट टाकीत दव धरतं, हेही त्यांनी आम्हाला वीस वेळा ऐकवलं होतं. मोटरहोमचा जनरेटर त्याच टाकीवर चालतो. अण्णांनी बटण दाबलं आणि तो पहिल्या फटक्यात सुरू झाला.

त्या आठवड्यात सगळी गल्ली त्या मोटरहोमात राहिली म्हणा ना. फोन चार्ज झाले, समोरच्यांच्या तान्ह्या बाळाचं दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम झालं, काकूंनी पातेलंभर खिचडी टाकली. ज्या खिडकीतून मी इतकी वर्षं त्या गाडीच्या नावाने बोटं मोडली, तिच्यातून वायर घेऊन माझा फ्रिज चालला. अण्णा कमरेला टॉर्च अडकवून रात्री दोनदा उठायचे आणि जनरेटरची डिपस्टिक बघायचे. आणि सांगायला जड जातं, पण ते उठले की आम्हाला बरं वाटायचं.

वीज आली. सगळ्यांना भरून आलं होतं. कोणीतरी म्हणालं, “अण्णा, गाडीने स्वतःला सिद्ध केलंय. आता यलोस्टोन!”

अण्णांनी वहीतून मान वर केली. “जनरेटर किती तास चालला माहितीय? आधी त्याचं तेल.”