टॉलरन्सराव

मेशिंग अडलं की टॉलरन्सराव वासानं येतात. कुणी बोलावलेलं नसतं. खुर्चीमागे उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि "ऊठ जरा" म्हणून माऊस ताब्यात घेतात. मग झूम सुरू. आधी मॉडेलमधला पंखा दिसेनासा होतो, मग त्याची पाती, मग पात्याचा स्क्रू. शेवटी पडद्यावर दोन करड्या रेषा उरतात आणि मध्ये एक काळी चीर. "फट किती?" ते विचारतात. आपल्याला ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर हे आपल्या खुर्चीत कशाला बसले असते?

चारचौघांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात फिलर गेज. फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा. गॅरेजवाले त्यानं स्पार्क प्लगचा गॅप बघतात, टॉलरन्सराव सगळ्या जगाचा. वाकडला मित्राच्या फ्लॅटचा ताबा घ्यायला सोबत गेले, तर बिल्डरचा माणूस मॉड्युलर किचनचे गुण गात असताना हे दाराच्या चौकटीत पट्ट्या सारत होते. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले. पोहे आले, मुलगी आली, आणि हे फ्रिजच्या दाराशी वाकलेले. "रबर गेलंय," मुलीच्या वडिलांना म्हणाले, "बिल किती येतं?" तरी लग्न जमलं. रबरही बदललं. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाखालून नवऱ्या मुलाचे पाय दिसत होते, तिथं गेज पुरेना म्हणून काकांनी गुरुजींकडे फूटपट्टी मागितली, असं पुतण्या सांगतो. मी विश्वास ठेवतो.

त्यांची बाजूही सांगायला हवी, नाइलाज आहे. एखादी वस्तू किती तापेल याचं गणित करायला सॉफ्टवेअर तिचे लाखो बारीक तुकडे पाडतं. तेच मेश. ग्राहकाचं मॉडेल स्टेप फाइलमधून येतं, आणि एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात जाताना एकमेकांना चिकटलेले भाग कुठेतरी ०.००३ मिलिमीटरनं सुटतात. डोक्याचा केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड. पण मेशर पडला प्रामाणिक. चीर दिसली की तो तिच्यातही तुकडे कोंबतो, लाखांचे कोटी होतात, आणि रात्रभर राबून सकाळी लाल अक्षरांत उत्तर देतो, 'निगेटिव्ह व्हॉल्यूम'. शून्याहून कमी जागा व्यापणारी वस्तू आम्ही हिंजवडीत आठवड्यातून एकदा तरी निर्माण करतो.

यावरचा उपाय म्हणजे एका चौकटीतला आकडा. टॉलरन्स ०.०१ केला की त्याहून जवळचे बिंदू एकच धरायचे, चीर मिटली, मेश झाला. पाच सेकंदांचं काम. टॉलरन्सराव त्याला अर्धा तास लावतात, कारण आधी प्रत्येक फट मोजायची असते. मोजता मोजता प्रवचन चालू. "पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातले सुहास पाटणकर! १९७२ साली स्पाल्डिंगांबरोबर प्रवाहाच्या गणिताची 'सिम्पल' पद्धत काढली. ८० साली पुस्तक लिहिलं. आजही सॉफ्टवेअरं त्या पद्धतीवर चालतात. आणि तुम्हाला चीर दिसत नाही!" पाटणकर पुण्याचे, म्हणून त्यांच्या कीर्तीत आपलाही वाटा आहे अशी टॉलरन्सरावांची समजूत दिसते.

या अर्ध्या तासाला कंटाळूनच एका शुक्रवारी आमच्यातल्या एका चुणचुणीत मुलानं, टॉलरन्सराव जेवायला गेलेले पाहून, सरळ ०.५ टाकलं. मेश मिनिटात झाला. संध्याकाळपर्यंत चित्र तयार, सगळीकडे निळं-हिरवं, चिप ६८ अंशांवर. मॅनेजर खूश. टॉलरन्सराव आले.

"फट किती होती?"

"०.१ सर. मिटवली."

यांनी माऊस मागितला नाही, हे मला पहिल्यांदा खटकलं. "ती खरी होती रे," एवढंच म्हणाले.

चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट ग्राहकानं खर्च वाचवायला गाळली होती. त्या जागी उरली होती ०.१ मिलिमीटर हवा. त्यांनी चहाच्या बिलामागे हिशेब मांडला. चिप एक चौरस सेंटिमीटर, हवेची उष्णतावाहकता ०.०२६, म्हणजे वॉटमागे साधारण ३८ अंश. चिप दोन वॉटची. ६८ मध्ये आणखी सत्त्याहत्तर मिळवा.

मॅनेजर म्हणाले, सादरीकरण गेलंय, सोमवारी बघू. टॉलरन्सरावांनी जिन्यात जाऊन ग्राहकाला परस्पर फोन केला. जाडसर आवाज, सबंध मजल्याला ऐकू आला. जन्मभर दुसऱ्यांच्या चिरा बुजवत आलेला हा माणूस एका चिरेसाठी असा भांडत होता, की मला प्रथमच त्यांच्या झूमची चीड आली नाही. नंतर आली. सोमवारीच आली.

ग्राहकानं पेस्ट घातली. आभाराचं पत्र मॅनेजरच्या नावे आलं. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात टॉलरन्सरावांपुढे शेरा पडला, 'टीमशी जुळवून घेत नाहीत.' तो चुणचुणीत मुलगा टीम लीड झाला, 'वेगवान निर्णयक्षमता' म्हणून. फाइल अडली की तो मजला रिकामा व्हायची वाट बघतो आणि लॅपटॉप घेऊन टॉलरन्सरावांच्या टेबलाशी जातो. टॉलरन्सराव त्याला आधी खाली टपरीवर नेतात, चहा आणि क्रीमरोल मागवतात आणि पैसे त्याला द्यायला लावतात.