खुर्ची रिकामी, खुर्ची भरलेली

मध्य प्रदेशातल्या देडतलाईच्या मतदाराला पंचायतीच्या निवडणुकीत चार मतपत्रिका मिळतात: पंचाची पांढरी, सरपंचाची निळी, जनपद (गट पातळीवरच्या) पंचायतीच्या सदस्याची पिवळी आणि जिल्हा पंचायतीची गुलाबी. ही निवडणूक कायद्याने पक्षविरहित आहे. म्हणून उमेदवार कोणत्याही पक्षाचा नसतो, तो फक्त पक्ष‘समर्थित’ असतो. हा फरक निकालाच्या दिवशी, गुलालाच्या रंगावरून ओळखावा.

फारम भरताना थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. 2022 मध्ये त्यात विजेचे बिलही होते. वर्षानुवर्षे तुंबलेली बिले त्या आठवड्यात भरली जातात. वसुलीचा याहून खात्रीचा उपाय वीज कंपनीला अजून सापडलेला नाही. एके काळी कायद्याचे लक्ष पाळण्यापर्यंत पोचले होते. 26 जानेवारी 2001 पासून जन्मलेले तिसरे मूल आईबापांना उमेदवारीतून बाद करी. मध्य प्रदेशाने ही अट 2005 मध्ये काढली. शेजारच्या धारणीत, म्हणजे महाराष्ट्रात, ती त्यानंतरही चालू राहिली. तिसऱ्या लेकराचा बाप सीमेच्या अलीकडे लायक, पलीकडे नालायक.

निवडून दिलेल्याला परत बोलावण्याची सोय मध्य प्रदेशाने केली, हे मात्र कौतुकाचे. ग्रामसभेच्या एक तृतीयांश सभासदांनी सह्यांची नोटीस दिली, तर सरपंचावर गुप्त मतदान होते आणि एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक विरोधात गेले की पद जाते. पहिली अडीच वर्षे नोटीस देता येत नाही. कामकाज शिकायला तेवढा वेळ हवाच. ‘एकूण सभासद’ हे शब्द नीट वाचावेत. मजुरीला परगावी गेलेला मतदारही त्यात मोजला जातो, म्हणजे न येऊन तो सरपंचालाच हात देतो. नगरपालिकेत अध्यक्षाला परत बोलावण्याच्या मतपत्रिकेवर चक्क दोन चित्रे असतात: ‘खाली कुर्सी’, म्हणजे रिकामी खुर्ची, आणि ‘भरी कुर्सी’, म्हणजे भरलेली. अनूपपूरच्या अध्यक्षा पल्लविका पटेल यांना 2001 मध्ये रिकाम्या खुर्चीने हरवले.

आमदाराच्या खुर्चीला हे चित्र लागू नाही. देडतलाई ज्या नेपानगर मतदारसंघात येते, तो अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे; त्यामुळे अनामत 10,000 ऐवजी 5,000 रुपये. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अर्ज अकरा ते तीन या वेळेतच घेतात. शपथपत्रात एकही रकाना कोरा चालत नाही. काही नसेल तर ‘निरंक’ लिहावे लागते. निवडून आल्यावर पक्ष बदलणार का, असा रकानाच नाही.

2018 मध्ये काँग्रेसच्या सुमित्रा कास्डेकर येथून जिंकल्या. जुलै 2020 मध्ये राजीनामा देऊन त्या भाजपमध्ये गेल्या आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्याच जागेवर पुन्हा निवडून आल्या. कायद्याच्या दृष्टीने सगळे चोख: नवा अर्ज, नवी अनामत, नवे शपथपत्र. 2018 मध्ये त्यांच्याकडून हरलेल्या मंजू दादू तेव्हा भाजपच्याच उमेदवार होत्या. 2023 मध्ये भाजपने तिकीट पुन्हा दादूंना दिले आणि त्या जिंकल्या. 2016 ची पोटनिवडणूक धरली तर सात वर्षांत नेपानगरने चार वेळा आमदार निवडला.

मतदान यंत्रावर शेवटचे बटण ‘नोटा’चे असते. त्याला सर्वाधिक मते पडली, तरी निवडून येतो तो उमेदवारांतला पहिलाच.