नाव सुचवा ना, मामा

सीताबर्डीच्या मेन रोडवर उभं राहून कोणी 'ओ साई!' अशी हाक मारली, तर निदान चार काउंटरांवरून 'काय पाह्यजे जी?' असं उत्तर येईल. साई मोबाइल, साई कलेक्शन, ओम साई झेरॉक्स, जय साई रसवंती. सगळे गुण्यागोविंदानं नांदतात, कोणाचं कोणावाचून अडत नाही. गुमास्ता काढताना दुकानाचं नाव लिहून घेतात. तेच नाव मागच्या गल्लीतही आहे का, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. पंचाईत सुरू होते ती माणसाला 'प्रायव्हेट लिमिटेड' व्हायची हुक्की आली की.

मी थोडंफार लिहितो हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे माझं पुस्तक कोणी मागत नाही, पण नावं मात्र हक्कानं मागतात. घराला, जुळ्यांना, आणि हल्ली कंपन्यांना. भाचा आणि त्याचे दोन मित्र संत्र्याच्या धंद्यात उतरले. स्क्वॅश, मुरंबा, सालीची पावडर. बुटीबोरीला शेड पाहून झाली, मशीनचा ॲडव्हान्स देऊन झाला, नाव तेवढं राहिलं. 'मामा, सुचवा ना. तुमच्यासाठी काय, दोन मिनिटांचं काम!' साहित्यावर इतका विश्वास आजवर एकाही संपादकानं दाखवला नव्हता.

त्यांचं स्वतःचं पहिलं नाव अर्थातच 'ऑरेंज सिटी'. धरमपेठेत त्यांच्या सीएबाईंनी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर ते टाइप केलं आणि यादी उघडली. उघडली ती उघडतच राहिली. भाचा ओशाळला नाही, उलट खूश झाला. 'पाहा मामा, आयडिया चांगलीच होती!' नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण संत्र्यावरून नाव सुचण्याचं मानांकन अख्ख्या शहराला आधीपासूनच आहे.

मग सुरू झाली ती पळवाटांची शोधाशोध. अनेकवचन करून पाहू. मधली जागा काढून टाकू. शेवटी 'नागपूर' जोडू. शब्दांची उलटापालट करू. सीएबाई शांतपणे एकेक वाट बंद करत गेल्या. कंपनी स्थापनेचे २०१४ चे नियम आणि त्यांतली २०१९ ची दुरुस्ती ज्यांनी लिहिली, त्यांना आपल्या लोकांची नस बरोबर सापडलेली आहे. एकवचन-अनेकवचन, जोडून-तोडून, स्पेलिंगची मोडतोड, मागे चिकटवलेलं गावाचं नाव, मध्येच घुसवलेला आकडा, शेवटी 'डॉट कॉम', यांतल्या कशानंही जुनं नाव नवं होत नाही. भाषांतरही चालत नाही. 'नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन' असेल तर 'राष्ट्रीय विद्युत निगम' हे तेच नाव धरलं जातं, असं उदाहरणच नियमांत दिलंय. माझ्या बहिणीनं महालातल्या एका अंकशास्त्रवाल्याकडून जादा 'ए' आणला होता. तो 'ए' दोनदा लिहिला की बरकत येते म्हणे. बरकतीचं माहीत नाही, पण त्या 'ए'नं नाव वेगळं ठरत नव्हतं.

शेवटचा उपाय तिघांची आद्याक्षरं. तर त्याचीही सोय नियमांनी आधीच लावून ठेवलेली. भरत, महेश, चंदन आणि डेव्हिड यांनी मिळून 'बीएमसीडी लिमिटेड' काढायची म्हटलं तर मिळणार नाही, असं तिथे नावानिशी लिहिलंय. हा डेव्हिड कोण आणि भरत-महेशच्या भानगडीत तो कधी पडला, हे मात्र लिहिलेलं नाही. मला राहून राहून त्या चौघांचंच वाईट वाटतं. भांडवल जमवलं असेल, शेड पाहिली असेल.

गंमत म्हणजे आमच्याच नागपुरातून गेलेल्या एका माणसाच्या कंपनीची आद्याक्षरं घरोघरच्या बाथरूममध्ये पोचली आहेत. केशव विष्णु पेंढरकर नागपूर सोडून मुंबईला गेले आणि १९५२ मध्ये त्यांनी विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी काढली. वडिलांचं नाव पुढे, धंदा मागे. त्यातून 'विको' निघालं, आणि विकोनं ते लांबलचक नाव असं गिळलं की दात घासताना विष्णुपंत कोणाच्याच ध्यानात येत नाहीत.

एम्प्रेस मिलचं त्याहून भारी. जमशेटजी टाटांनी १८७४ साली नोंदवलेली कंपनी होती 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी'. हे सगळं म्हणेस्तोवर एक शिफ्ट सुटली असती. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, नेमक्या त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं. म्हणून एम्प्रेस. राणी गेली, राज्य गेलं, गिरणी गेली, कामगार पांगले. त्या जागेवर मॉल उभा राहिला आणि त्यालाही नाव एम्प्रेसचंच. सरकारदरबारी नोंदवलेलं लांबलचक नाव आज नागपुरात कोणाला विचारून पाहा.

आणि हल्दीराम? बिकानेरच्या गंगाबिशन अग्रवालांना लोक हल्दीराम म्हणायचे. त्यांच्या नावावर नागपूरच्या शाखेनं संत्रा बर्फी खपवली, दिल्लीच्या शाखेनं भुजिया खपवली, आणि नाव कोणाचं यावरून दिल्ली आणि कोलकात्याच्या शाखा वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या. सगळे एकाच घरातले. म्हणजे कागदावर गंगाबिशन, भांडण हल्दीरामवरून.

हे सांगितल्यावर भाच्याच्या मित्राला नवीनच शंका आली. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे बरणीवरही तेच छापता येतं ना? नाही बाप्पा, ते खातं वेगळं. ट्रेडमार्कचं रजिस्टर निराळं, तिथे निराळा शोध घ्यायचा, तोही वस्तूंच्या वर्गानुसार. इकडे नाव मिळालं आणि तिकडे कोणी आधीपासून बसलेलं असलं, तर तो ट्रेडमार्कवाला ३ वर्षांच्या आत अर्ज करून तुमचं नाव बदलायला लावू शकतो. तोवर तुमच्या बरण्या, खोकी, लेटरहेड, टेम्पोवरची पाटी सगळं छापून झालेलं असतं. सीएबाईंनी हे इतक्या थंडपणे सांगितलं की त्यांच्या एखाद्या अशिलाची खोकी अजून गोडाऊनमध्ये पडून असावीत अशी मला शंका आली.

फॉर्ममध्ये पसंतीची दोन नावं देता येतात, फी १००० रुपये. आणि ही नावं तपासली जातात कुठे, तर हरियाणात मानेसरला. इतवारीतल्या माणसाच्या डोक्यात आलेलं नाव पार मानेसरचा माणूस वाचतो आणि ठरवतो की हे तुमचं की दुसऱ्याचं. मंजूर झालं तर २० दिवस ते तुमच्यासाठी राखून ठेवतात. तेवढ्यात बाकीचे कागद भरायचे, नाहीतर नाव पुन्हा बाजारात.

मी सुचवलेलं नाव पहिल्या पसंतीला टाकलं होतं. ते परत आलं. चांगलं संस्कृत होतं, पण माझ्याआधी कोणीतरी संस्कृत शिकलं होतं. दुसरं नाव भाच्याच्या आजीनं, म्हणजे माझ्याच आईनं, भाजी निवडता निवडता म्हटलेलं. तिच्या माहेरच्या वावराला घरचे लोक जे म्हणत, ते. कोणत्याच शब्दकोशात नाही, म्हणून कोणत्याच कंपनीत नव्हतं. ट्रेडमार्कमध्येही मोकळं निघालं. ते मंजूर झालं. इथे सांगत नाही, भाच्यानं जाहिरातीचे पैसे दिलेले नाहीत.

आता बरण्यांवर ते नाव ठसठशीत छापलंय, बुटीबोरीच्या शेडवर पाटी चढली आहे. परवा गोकुळपेठेतल्या किराणा दुकानात त्यांचं स्क्वॅश मागायला गेलो. नाव उच्चारलं, तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मग बाटलीची उंची हातानं दाखवली, झाकणाचा रंग सांगितला. 'अच्छा, ते पिवळ्या बुचाचं म्हणा ना जी!' त्यानं खाली वाकून दोन बाटल्या काढल्या आणि वहीत लिहिलं: पिवळं बूच, दोन.