तिरफळाचे भाऊबंद: उन्हाळी पुरुषगंधाविषयी एक अल्प प्रबंध

मे महिन्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काही पुरुषांच्या मानेला लिंबाचा वास का येतो, या प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर पाठ फिरवली आहे. दशावतारावर लिहिले गेले, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायात ओतलेल्या शिशावर लिहिले गेले. चाकरमान्याच्या मानेकडे मात्र कोणीही नाक वळवले नाही. ही उणीव भरून काढणे प्रस्तुत लेखकास भाग आहे, कारण दुसरे कोणी ती भरील असे दिसत नाही.

प्रथम विषयवस्तू. चाकरमानी पहाटे कुडाळ स्टेशनात उतरतो, नळावर तोंड धुतो, बॅगेतून जाड काचेची बाटली काढतो आणि दोन्ही कानांमागे एकेक फवारा मारतो. बाटली शंभर मिलिलिटरची, किंमत दहा हजारांच्या पुढे, वेष्टनावर इटलीच्या समुद्राचे चित्र. मग तो मालवणची एसटी पकडतो. इथून शास्त्राचा प्रांत सुरू होतो.

लिंबूवर्गीय फळांच्या सालीतले तेल मुख्यतः लिमोनीन नावाच्या द्रव्याचे असते. संत्र्याच्या सालीच्या तेलात तर ते नव्वद टक्क्यांहून अधिक. हे रेणू हलके, उडून जायला उतावीळ. अंग तापलेले असेल तर अधिकच. त्यामुळे अत्तरातला लिंबाचा भाग पहिल्या अर्ध्या तासात संपतो आणि खाली जड, चिवट द्रव्ये उरतात. कारखानदारांना हे ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला नाही. प्रस्तुत लेखकाने याचे स्थानिक मापन बसवले आहे. कुडाळला मारलेल्या फवाऱ्यातले लिंबू नेरूरपारच्या पुलावर कर्ली नदीचा वारा लागताच निम्मे होते, धामापूरच्या तलावापाशी त्याची नुसती आठवण उरते, आणि कुंभारमाठ आले की गृहस्थाला लाकडाचा आणि कस्तुरीचा वास येऊ लागतो. मालवणच्या स्टँडवर उतरतो तो घामाचाच, शिवाय शेजारणीच्या टोपलीतल्या सुक्या गोलम्याचा. म्हणजे ज्या लिंबासाठी पैसे मोजले, ते सगळे एसटीतल्या उतारूंना फुकट मिळाले. एसटीच्या सवलतींच्या यादीत याचा समावेश व्हायला हरकत नाही.

आता इतिहास. 1709 साली योहान मारिया फरिना या मूळच्या इटालियन माणसाच्या घराण्याने जर्मनीतल्या कोलोन शहरी पेढी काढली. बर्गमॉट, लिंबू, संत्रे यांची तेले मद्यार्कात मिसळून त्याने जे पाणी तयार केले, त्याला गावाचेच नाव मिळाले. देवगडचा हापूस तसा इटलीतल्या कालाब्रियाचा बर्गमॉट: दुसरीकडे लावला तरी तो वास नाही, असे तिथले लोक सांगतात आणि आपण देवगडवाल्यांवर ठेवतो तेवढाच विश्वास त्यांच्यावर ठेवावा. युरोपातल्या दरबारांत हे पाणी श्रीमंतीचे लक्षण ठरले. मराठी घरात आल्यावर मात्र ते औषधांच्या कपाटात गेले. मुलाला ताप चढला की रुमाल कोलनवॉटरमध्ये भिजवून कपाळावर घडी ठेवायची. मद्यार्क उडताना अंगाची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे कपाळ थंड पडते. लिंबाचा वास वर फुकट. परिणामी मराठी नाकाच्या दोन-तीन पिढ्या या वासाची सांगड तापाशी घालतात. दहा हजारांचे अत्तर लावून नातू घरी आला की आजी कौतुक करण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावून बघते, त्यामागे हे कारण आहे. काकी तेवढेही करत नाही. ती दारातूनच विचारते, “झिला, अंगार लिंबू पिळून इलंस काय रे?”

काकीचा हा प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. किंबहुना या प्रबंधाचा कणा तोच आहे. येथे पूर्वपक्ष असा: मालवणात पुरुषाने लिंबाचा गंध अंगावर धारण करण्याची परंपरा नाही, ती मुंबईहून आली. उत्तरपक्ष: परंपरा आहे, फक्त ती मानेवर नसून बोटांवर आहे.

प्रमाण घ्या. बांगडा, तारली, सुंगटे जेवून उठलेल्या माणसाच्या हाताला जो वास येतो, त्यातला मोठा वाटा ट्रायमेथिलअमीन या वायूचा. समुद्रातल्या मासळीत तो जास्त होतो, गोड्या पाण्यातल्या मासळीत कमी. त्यामुळे घाटावरच्या लोकांना आमची अडचण पुरती कळत नाही. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. त्यावर लिंबू चोळले की सायट्रिक आम्ल त्याच्याशी संयोग पावून क्षार बनवते, आणि क्षार उडत नाही. जे उडत नाही ते नाकापर्यंत येत नाही. अत्तर घामावर दुसरा वास पसरवते. लिंबाची फोड मूळ वासाचाच निकाल लावते. जेवणाच्या पानात डाव्या बाजूला ठेवलेली ती फोड केवळ चवीसाठी असते, असा समज करून घेऊन पॅरिसच्या मंडळींनी तीनशे वर्षे आपली ताकद भलतीकडे खर्च केली.

काही तार्किक आक्षेप घेतील की वैशेषिकांच्या मते गंध हा पृथ्वीचा गुण, पाण्याचा नव्हे. तेव्हा कोलनवॉटर ही वदतोव्याघाताची बाटली ठरते. मान्य. पण मग दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना येणारा समुद्राचा वासही पृथ्वीच्याच खाती टाकावा लागेल, आणि ते रापणकरांना पटवून देण्याचे काम त्या तार्किकांनी स्वतः करावे.

याहून गंभीर बाब वनस्पतिशास्त्राची. लिंबाचे कुळ रूटेसी. ते आपल्या समजुतीपेक्षा बरेच मोठे आहे. भाद्रपदात गणपतीवरच्या माटवीला टांगतात ते तोरिंजन त्यातले, करवीरच्या महालक्ष्मीच्या हातातले महाळुंग त्यातले; पण शंकराला वाहतात तो बेल, कढीपत्ता आणि कवठ हेही त्याच घरातले. आणि बांगड्याच्या तिखल्यात पडते ते तिरफळसुद्धा. काटेरी झाड, घोसाने लागणारी हिरवी फळे. वाळली की साल उकलते, आतली काळी बी टाकून द्यायची, साल तेवढी ठेवायची. ती चिमटीत चुरडून नाकाशी धरा. आधी संत्र्याची साल, मग मिरी, आणि जिभेवर ठेवलीत तर मुंग्या.

2015 साली फ्रान्सच्या दिऑर घराण्याने सोव्हाज नावाचे पुरुषांचे अत्तर काढले. जगभर तुफान खपणाऱ्या या अत्तराच्या वर्णनात दोन गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात: कालाब्रियाचा बर्गमॉट आणि चीनची सिचुआन मिरी. ही मिरी मिऱ्याच्या वेलाची नव्हे. ती झँथोझायलम या प्रजातीची, म्हणजे आमच्या तिरफळाची सख्खी बहीण. चाकरमानी जो वास हप्त्याने विकत घेऊन गावी आणतो, त्याचे नातलग काकीच्या फडताळात बरणी भरून बसलेले असतात. तिखले शिजत असता चुलीपाशी पाच मिनिटे उभा राहणारा कोणताही पुरुष, सदऱ्यासकट, याच घराण्याचा गंध फुकटात धारण करतो.

त्याच बाटलीत तळाला अंब्रोक्सन असते. व्हेलच्या पोटात तयार होणाऱ्या अंबरग्रीसचा वास देणारे हे कारखान्यातले द्रव्य. खरी ‘व्हेलची उलटी’ विकायला निघालेले लोक कोकण किनाऱ्यावर पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तो गुन्हा आहे. तेव्हा किनाऱ्यावर मेणचट गोळा सापडला तर नाकाला लावू नये, वनखात्याला कळवावे.

न्यायाच्या दृष्टीने हेही नोंदवतो की आपला जिल्हा अत्तराचा नुसता गिऱ्हाईक नाही. वेंगुर्ला तालुक्यातल्या सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या अत्तराच्या धंद्यासाठी बाहेर जातात. त्या कळ्या भल्या पहाटे उंच झाडावर चढून काढणाऱ्याच्या अंगाला त्या दिवशी जो वास येतो, त्याची बाटली अजून कोणी भरलेली नाही. भरू नये, असे माझे मत आहे.

राहता राहिला आरोग्याचा मुद्दा. बर्गमॉट आणि लिंबाच्या सालीत बर्गाप्टेनसारखी द्रव्ये असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखे डाग पडतात. नामांकित अत्तरांतून हल्ली ती काढून टाकतात. पण तारकर्लीच्या वाळूत भर दुपारी सरबतासाठी लिंबू पिळून तसेच उन्हात बसणाऱ्या पर्यटकाच्या हातातून ती कोण काढणार? लिंबू पिळल्यावर हात धुवावेत.

निर्णय असा: उन्हाळ्यात मालवणला जाणाऱ्या पुरुषाने बाटली जरूर न्यावी, पण फवारा कुंभारमाठच्या अलीकडे मारू नये. आणि काकीने तिखल्यात तिरफळे किती घालू असे विचारले, तर तिच्यावर सोपवावे. मात्र स्वतः करणार असाल, तर बिया काढलेली पाच-सहा पुरतात. जास्त झाली की कालवण कडू होते.