शेठ, दोन शब्द बोला!

भिवंडीत खड्डे आणि माग यांची टंचाई कधीच नव्हती. आता तज्ज्ञांचीही राहिलेली नाही. अंजूर फाट्यावरून धामणकर नाक्याकडे रिक्षाने निघा. वाहतूक कोंडीत फलक वाचायला वेळच वेळ मिळतो. हाताची घडी घातलेला, किंचित तिरका उभा राहिलेला माणूस फलकावर दिसला की पूर्वी त्याचा वाढदिवस आहे एवढंच समजायचं. हल्ली खाली लिहिलेलं असतं : 'उद्योग मार्गदर्शक, वक्ते, लेखक व विचारवंत'. यातला विचार कुठला, ते विचारायच्या आत सिग्नल नसतानाही रिक्षा सुटते.

आमच्या ओळखीचे एक शेठ असेच फलकावर चढले. माणूस चांगला. चोवीस साधे माग, वडिलार्जित शेड. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं काम इकडे वळलं, तेव्हा वडिलांनी हे माग टाकले होते. वडिलांची जाहिरात एकच होती : कापड मीटरला मीटर भरायचं आणि सांगितलेल्या वारी पैसे पोचायचे. तेवढ्यावर त्यांचं बाजारात नाव होतं. पण भिवंडीच्या कापडाला मात्र नाव नसतं, हे इथलं जुनं दुखणं आहे. मागावरून उतरलेला तागा कोरा असतो. बाजार त्याला ग्रे म्हणतो. तो ट्रकमध्ये बसून राजस्थानात पालीला, बालोतऱ्याला जातो, तिथे धुऊन-रंगवून निघतो आणि कुठल्या तरी बड्या नावाची चिठ्ठी लावून परत आपल्याच अंगावर येतो. विणणारा कोण, हे काठावरही नसतं.

यावर शेठच्या एमबीए झालेल्या पुतण्याने तोडगा काढला. "काका, माल विकू नका. स्वतःला विका."

काकांनी ते फारच मनावर घेतलं.

सुरुवात रीलने झाली. 'उत्पादकता म्हणजे काय' या विषयावर शेडमध्येच बोलायचं ठरलं. पण चोवीस माग चालू असताना शेजारच्याशी बोलायचं तरी कानात ओरडावं लागतं. तेव्हा उत्पादकतेवर बोलता यावं म्हणून अख्खी पाळी माग बंद ठेवले. शेठनी कोट चढवला, एका मागावर आपुलकीने हात ठेवला. कोपऱ्यात जॉबर उभा होता. तो म्हणाला, "शेठ, हात काढा, बाहीला ऑइल लागंल." पुतण्याने ते वाक्य कापलं. वास्तविक त्या रीलमध्ये कापडधंद्याची जाणकारी असलेलं तेवढं एकच वाक्य होतं. माग बिघडला की हा जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठे काय ढिलं झालंय. पण त्याला कोणी तज्ज्ञ म्हणत नाही. त्याला 'अरे' म्हणतात.

पुढची पायरी अर्थसंकल्प. १ फेब्रुवारीला पानभर प्रतिक्रिया छापायच्या असतात आणि वार्ताहराला संध्याकाळी घरी जायचं असतं. शेठ फोटोसकट आपली प्रतिक्रिया ३१ जानेवारीलाच पाठवून देतात : 'यंत्रमागासाठी ठोस तरतूद नाही, तरीही दिशा आश्वासक.' अर्थमंत्री कोणीही असोत, हे वाक्य आजवर चुकलेलं नाही. मग पुरस्कार आला. पुरस्कार राष्ट्रीय, मंच दिल्लीचा, आणि 'नोंदणी व स्नेहभोजन शुल्क' तेवढं ज्याचं त्याने भरायचं.

पुतण्याची समजूत अशी की जाहिरातीची ही विद्या अमेरिकेतून आली. मुलाला किर्लोस्करवाडी ठाऊक नाही. १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली ती कारखान्याचा माल शेतकऱ्यांपर्यंत पोचवायलाच, आणि ती चालवणारे शंकरराव हेही कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुतणेच. पण तिथे नांगर आधी होता. लक्ष्मणरावांनी तो १९०३ साली केला. लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणत शेतकरी त्याला हात लावेनात. पहिले थोडे नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. खबर निघाली ती सतरा वर्षांनी. एवढं थांबायला शेठना वेळ नव्हता.

शेठचा खरा भाग्योदय मात्र आयकर कायद्याने केला. २०२३च्या अर्थसंकल्पाने त्यात ४३ बी (एच) हे कलम घातलं आणि ते १ एप्रिल २०२४पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करा. नाहीतर पैसे प्रत्यक्ष द्याल त्या वर्षापर्यंत वजावट विसरा. जिथे साठ-नव्वद दिवसांची उधारी ही रोखीची सख्खी बहीण मानतात, तिथे या कलमाने घबराट उडाली. आणि घबराट हा तज्ज्ञांचा सुगीचा हंगाम. शेठनी हॉल घेतला, प्रोजेक्टर लावला, चहा-वडापाव ठेवला आणि 'वेळेवर देयक : राष्ट्रकार्य' या विषयावर तासभर बोलले. छान बोलले. "लहान माणसाचा पैसा अडवणं हे पाप आहे," असं म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला.

दुसऱ्या रांगेत त्यांचा सायझिंगवाला बसला होता. ताण्याच्या सुताला खळ लावून बीम भरून देणारा हा माणूस. स्वतः सूक्ष्म उद्योग. चार महिन्यांपासून शेठकडे त्याची बिलं पडून. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर तो अदबीने उठला.

"शेठ, लेखी करार नसेल तर पंधरा दिवस ना? आपला करार झालाय का, तेवढं विचारायचं होतं."

हॉल चिडीचूप. शेठनी माइक छातीशी धरला. "आपल्यात कसला करार? आपले घरचे संबंध आहेत!"

टाळ्या पडल्या. सायझिंगवाल्यानेही वाजवल्या, घरचे संबंध म्हटल्यावर करणार काय? दुसऱ्या दिवशी पुरवणीत फोटो आला, खाली ओळ : 'उद्योजकांशी मनमोकळा संवाद'.

तेव्हापासून शेठना फुरसत नाही. आज कल्याण, उद्या इचलकरंजी. इकडे शेडवर बघायला कोणी नाही, त्यामुळे सोळा माग भंगारवाल्याने किलोवर उचलले. रिकाम्या जागेत पार्सल कंपनीचा माल येऊन पडला. तुमच्या मोबाइलवर 'आपली ऑर्डर भिवंडी येथे आहे' असा संदेश दोन दिवस हलत नाही ना, ती बहुधा तिथेच असते. पण माग उतरले तसा शेठचा दर चढला. चोवीस होते तेव्हा त्यांना कोणी बोलावत नव्हतं; आठ उरले तेव्हापासून 'यंत्रमाग कसा वाचवावा' यावर बोलायला मानधन मिळतं. हातात विषयाची प्रात्यक्षिकं उरलेली नसली की वक्तृत्वाला मोकळीक मिळते. जॉबर दुसऱ्या शेडला लागला. जाताना त्याने रील लाइक केलं, असं पुतण्या सांगतो.

सायझिंगवाल्याचे पैसे अजून आलेले नाहीत. पण माणूस शिकला. गेल्या महिन्यात कल्याण नाक्यावर त्याचाही फलक लागला : हाताची घडी, तिरकी मान, 'थकबाकी वसुली मार्गदर्शक'. पहिलंच शिबिर भरगच्च झालं. शुल्क आगाऊ, रोख, उधारी नाही. पहिल्या रांगेत वही उघडून शेठ बसले होते. त्यांचेही बालोतऱ्यात अकरा महिन्यांचे अडकलेत.